मदत हवी आहे: चार वर्षांची लेक, एकटा बाप आणि ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड

गोंधळलेला बाबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीला घेऊन डिस्ने वर्ल्डला चाललोय. आम्ही दोघंच. ती सव्वाचार वर्षांची. बायको येऊ शकत नाही, कारण धाकटा जेमतेम दोन महिन्यांचा आहे. सासूबाई सांगलीहून बाळंतपणासाठी आल्यात, घर सगळं बाळाभोवती फिरतंय, आणि थोरलीने आत्तापर्यंत दोनदा "बाळाला परत हॉस्पिटलमध्ये ठेवून या" असं सांगून झालंय. शेवटी बायकोच म्हणाली, हिला घेऊन चार दिवस कुठेतरी जा. कुठेतरी म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती. ‘फ्रोझन’ सिनेमातल्या एल्साचा निळा झगा धुवायला टाकायचा तर ती झोपल्यावर काढावा लागतो.

विमानाची तिकिटं काढलीत. शार्लटहून (नॉर्थ कॅरोलायना) मंगळवारी सकाळी निघायचं, शनिवारी दुपारी परत. म्हणजे हातात पूर्ण दिवस तीनच. बाकी काही ठरलेलं नाही. रात्री बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारताना मोबाइलवर वाचत असतो आणि जेवढं वाचतोय तेवढं डोकं फिरतंय. जिकडेतिकडे "एकाने मुलाला धरावं, तोवर दुसऱ्याने..." असाच सल्ला. माझ्याकडे दुसरा नाही.

तर विचारायचं असं: हॉटेल डिस्नेचंच घ्यावं की बाहेरचं स्वस्त बघावं? चारही पार्क करायचे का? स्ट्रोलर (बाबागाडी) लागेल का? घरी तर ती दिवसभर पळत असते. उंची अनवाणी ३९ इंच आहे, त्यात काय काय बसतं? आम्ही शाकाहारी, आणि ही त्यातही दहीभातवाली. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो विचारायला थोडा संकोच वाटतो: बापाबरोबर एकटी मुलगी असताना टॉयलेटचं काय करता तुम्ही लोक? आपोआप फ्लश होणाऱ्या संडासाला ती इतकी घाबरते की मॉलमध्ये एकदा अर्ध्यातून उठून पळाली होती. फटाक्यांचंही तेच. दिवाळीत कानावर हात ठेवून कपाटात जाऊन बसते.

आईशिवाय ती एक रात्रही कुठे राहिलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

टँपाकरीण

आधी एक महत्त्वाचं: एल्सा किल्ल्यात भेटत नाही! अर्धे आईबाप मुलीला झगा घालून मॅजिक किंगडममध्ये (किल्लेवाल्या पार्कात) जातात आणि तिथे रडारड होते. तिथे मिरवणुकीत ती लांबून दिसेल, पण जवळ जाऊन भेटायची, फोटो काढायची जागा एपकॉट पार्कातल्या नॉर्वे देशाच्या विभागात आहे. तिथे अॅना आणि एल्सा दोघी असतात. म्हणजे एपकॉट तुम्हाला चुकत नाही.

चार पार्क विसरा. तीन दिवसांत दोन पार्क आणि मधला दिवस हॉटेलच्या तरणतलावावर, एवढंच करा. एकट्या माणसाला याहून जास्त झेपत नाही. मी दोन मुलांची आई आहे, नवरा बरोबर असतानाही झेपलं नव्हतं.

हॉटेल आतलंच घ्या. आतल्या हॉटेलवाल्यांना रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात आणि लाइटनिंग लेन (पैसे भरून मिळणारी छोटी रांग) सात दिवस आधी बुक करता येते, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. पण तुमच्यासाठी खरं कारण वेगळंय. बाहेरून गाडीने गेलात तर मॅजिक किंगडमसाठी आधी पार्किंग, मग मोनोरेल किंवा बोट, आणि मग कुठे दार. दुपारी झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन हेच सगळं उलट करा म्हणजे कळेल. हॉटेलची बस थेट दारात सोडते.

पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ अॅनिमेशन बघा. दोन्हींच्या मध्ये तळं आहे आणि तळ्यावरच्या पुलाजवळ स्कायलायनरचं स्टेशन. हा रोपवे मध्ये एकदा बदलून एपकॉटच्या मागच्या दाराशी जातो. आपल्या मुली तर रोपवेलाच राइड समजतात. फक्त विजा चमकायला लागल्या की तो बंद करतात. पॉपची खोली साधारणपणे स्वस्त पडते. आर्ट ऑफ अॅनिमेशनमध्ये लिटल मर्मेडच्या खोल्या दिसायला गोड आहेत, पण लॉबीपासून फार आत. रोज दोनदा ते चालायची तयारी असेल तरच घ्या.

दुसरं म्हणजे ऑक्टोबरमध्ये मॅजिक किंगडममध्ये ठरावीक संध्याकाळी हॅलोविनची पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना सहा वाजता बाहेर काढतात आणि नेहमीची आतषबाजी त्यांना मिळत नाही. म्हणून लोक तो दिवस टाळतात आणि दिवसाची गर्दी कमी होते. तुमची मुलगी फटाक्यांना घाबरते, आठला झोपत असणार. तुम्ही मुद्दाम पार्टीचाच दिवस धरा.

बाप क्रमांक दोन

भाऊ, मी गेल्या वर्षी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन एकटाच गेलो होतो. तुमचा संकोचाचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, बाकी सगळं इंटरनेटवर मिळतं.

चारही पार्कांत कंपॅनियन रेस्टरूम असतात. एकच खोली, आतून कडी, दोघंही आत. सकाळी आत शिरलात की आधी नकाशावर त्या शोधून ठेवा, ऐनवेळी शोधू नका. शिवाय प्रत्येक पार्कात एक बेबी केअर सेंटर असतं. मॅजिक किंगडममधलं मेन स्ट्रीट संपते तिथे, किल्ल्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला. तिथे मुलांच्या मापाचे छोटे संडास आहेत, थंडगार, शांत. आम्ही तर दुपारी नुसते बसायला गेलो होतो.

फ्लशसाठी पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात ठेवा. बसायच्या आधी सेन्सरवर एक चिठ्ठी लावायची, म्हणजे त्याला कोणी दिसत नाही आणि तो गप्प बसतो. काम झालं, मुलगी दाराशी गेली, की चिठ्ठी काढायची. चिठ्ठी तिलाच लावू द्या, भीती निम्मी होते.

आणखी एक: तिच्या दंडावर आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर पेनाने लिहा. हरवलीस तर नावाची पांढरी पट्टी लावलेल्या माणसाकडे जायचं, हे घरीच दोन-चारदा घोकून घ्या.

रायडर स्विच (मोठ्यांनी आळीपाळीने राइड घ्यायची सोय) वगैरे वाचलं असेल, ते सोडून द्या. त्याला दुसरा मोठा माणूस लागतो. सात वर्षांखालच्या मुलाला एकटं ठेवताच येत नाही. मोठ्या राइड्स तुमच्या नशिबात नाहीत, हे विमानात बसतानाच मान्य करा.

शंकेखोर

चार वर्षांच्या मुलीला यातलं काय आठवणार? तेवढ्या पैशांत सांगलीला जाऊन याल.

गोंधळलेला बाबा

साहेब, सांगली सध्या आमच्याच घरी आलीय!

टँपाकरीण ताई, एल्साचं सांगितलंत, फार वाचवलंत. मी किल्ल्याचाच बेत केला होता. उंचीचं कोणी सांगेल का?

शंकेखोर

बरं, जाताच आहात तर सांगतो, आम्हीही जाऊन आलोय.

३९ म्हणजे ३८वाल्या राइड्स मिळतील, ४०वाल्या नाहीत. सात बुटक्यांची खाणगाडी ३८ आहे. पण थेट तिच्यात घालू नका. आधी बार्नस्टॉर्मर, ३५ इंचांची, मिनिटभराची गाडी आहे. उतरल्यावर "परत" म्हणाली तरच खाणीत. पीटर पॅनच्या उडत्या जहाजाला उंचीची अट नाही आणि रांग कायम लांब, तेव्हा लाइटनिंग लेन त्यावर खर्च करा. डंबो, टीकप, इट्स अ स्मॉल वर्ल्ड या सगळ्यांना अट नाही. हाँटेड मॅन्शनलाही नाही, पण अट नाही म्हणजे भीती नाही असं नसतं.

हेच नॉर्वेतल्या बोटीचं. पूर्वी ती व्हायकिंग लोकांची बोट होती, २०१६ला तिची फ्रोझन केली. उंचीची अट नाही, पण अंधार आहे, बोट मध्येच मागे मागे जाते आणि नंतर छोटी उडी घेते. आमचा नातू उडीनंतर मावशीचा हात सोडेना. आधी सांगून ठेवा, "आता बोट उलटी जाणार," म्हणजे मुलं घाबरत नाहीत, उलट वाट बघतात.

एपकॉट १९८२चं, मोठ्यांना जास्त रुचणारं. देशांच्या तळ्याभोवतीचा फेराच सव्वा मैलाच्या आसपास आहे. एल्सा भेटली की मासे बघा आणि परत या. अकरा देश करत बसू नका.

सुगरण आजी

अरे बाळा, मी नातवंडांबरोबर दोनदा गेलेय. स्ट्रोलर ने म्हणजे ने. घरी पळणं वेगळं आणि तिथल्या उन्हात पळणं वेगळं. ऑक्टोबरातही घाम निघतो. बाहेरच्या भाड्याने देणाऱ्यांकडून घे, म्हणजे हॉटेलपर्यंत उपयोगी पडेल. पार्कातला भाड्याचा पार्काबाहेर नेता येत नाही, आणि पोर झोपतं नेमकं बाहेर पडताना. बसमध्ये घडी करावी लागते, तेव्हा एका हाताने मिटणारा बघ. तुझा दुसरा हात मोकळा नसणारच.

आणि त्याला एखादी झगझगीत ओढणी बांध. राइडबाहेर स्ट्रोलर लावले की तिथली माणसं ते सरकवून ओळीत लावतात. बाहेर येऊन बघावं तर शंभर काळे स्ट्रोलर. माझी सुनेची जुनी बांधणी होती, लांबून दिसायची.

खायचं आत नेता येतं, फक्त काचेची बाटली नको. थेपले, गुळाच्या दशम्या, चकली ने. खोलीत फ्रीज असतो, दही विकत घे. भात मात्र तिथे कसा करशील ते तू बघ, आम्ही तयार भाताची पाकिटं नेली होती आणि फूड कोर्टात गरम केली. काउंटरवर मागितलं तर गार पाणी फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नकोस. अननसाचं डोल व्हिप (आइस्क्रीमसारखं असतं) दोघंही खा, त्यात दूधसुद्धा नसतं.

आईशिवाय झोपायचं म्हणशील तर आईची न धुतलेली साडी किंवा गाऊन उशीला गुंडाळ. हसू नकोस.

टँपाकरीण

आजींना दुजोरा. एक दिवस नीट जेवायचं असेल तर अॅनिमल किंगडम लॉजमध्ये साना नावाचं रेस्टॉरंट आहे. भारतीय-आफ्रिकी पद्धतीचं, नान आणि बऱ्याच चटण्या. खिडकीतून जिराफ दिसतात. पार्कचं तिकीट लागत नाही. मधल्या दिवशी जा.

गोंधळलेला बाबा

परत आलो. तुम्ही एवढं लिहिलंत, म्हणून वृत्तांत देणं भाग आहे.

पॉपमध्ये राहिलो. पहिल्या रात्री बायकोचा गाऊन उशीला गुंडाळला (आजी, हसलो नाही), तरी साडेदहापर्यंत रडली. मग म्हणाली, "बाबा, तूच गाऊन घाल." घातला नाही, पण खांद्यावर घेतला. झोपली.

बुधवारी मॅजिक किंगडम. बार्नस्टॉर्मरवरून उतरली आणि "परत" म्हणाली नाही, "घरी" म्हणाली. खाण बाद. तिला सगळ्यात काय आवडलं, तर टुमॉरोलँडवरून फिरणारी ती संथ गाडी, पीपलमूव्हर. कोणी तिचं नावही घेतलं नव्हतं! चार वेळा बसलो. चौथ्यांदा मला डुलकी लागली. साडेपाचला बाहेर, सातला ती झोपलेली.

गुरुवारी तलाव आणि साना. जिराफ बघितले, नान खाल्ला, चटण्या सगळ्या मी खाल्ल्या.

शुक्रवारी एल्सा. रांगेत तासभर "माय नेम इज" घोकत होती. समोर गेल्यावर माझ्या पायामागे. एल्साने इंग्रजीत विचारलं, घरी बहीण आहे का? आमची मराठीत म्हणाली, "बाळ आहे. रडतं." एल्साने मान डोलावली, जणू सगळं कळलं. बोटीत "आता उलटी जाणार" हे मी आधीच सांगितलं होतं. ती मागच्या ओळीतल्या अनोळखी बाईंनाही सांगत होती, तेही मराठीत.

ओढणीने दोनदा स्ट्रोलर सापडवला. टॉयलेटचा एकदाच फज्जा उडाला, तोही माझ्या चुकीने. चिठ्ठ्यांचा गठ्ठा स्ट्रोलरच्या पिशवीत राहिला आणि मी आत. बाकी सगळीकडे तिने स्वतः लावल्या, दोन बोटांनी दाबून, वर "गप बस" असा दम देऊन.

विमानतळावरून फोन केला तेव्हा आईला पहिला प्रश्न: "बाळ अजून आहे?" घरी आलो, हातपाय धुतले, तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. ही माझ्या पिशवीपाशी गेली, उरलेल्या गठ्ठ्यातली एक पिवळी चिठ्ठी काढली आणि नेऊन त्याच्या कपाळावर दोन बोटांनी दाबून चिकटवली.