‘घटस्फोट घ्यायचा ना मग!’ : ‘प्रेमसंन्यास’च्या प्रयोगावरून

तिसरी घंटा : परवा इथे कोणीतरी लिहिलं, ‘पुण्यातल्या हौशी मंडळींनी बसवलेलं राम गणेश गडकऱ्यांचं प्रेमसंन्यास पाहिलं. जयंताचं मनोरमेशी पटत नाही, जीव लीलेवर, मग घटस्फोट घ्यायचा ना! अशी नाटकं कपाटातच बरी.’ वाचून डोकंच फिरलं. नाटक 1912 चं. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला देशभर बंदी आली ती 1955 साली. म्हणजे बालविधवा लीलेशी जयंताने लग्न केलं असतं, तर कायदा आड येत नव्हता. आड येत होते लोक आणि त्यांची स्वतःची मनं. महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. घटस्फोटाचं काय घेऊन बसलात?

नवी पेठ : ती पोस्ट माझीच. कायदा कळला, पण प्रेक्षकाने नाटकाला येताना कायद्याचं पुस्तक आणायचं का? पल्लेदार वाक्यं संपता संपत नाहीत. शेजारचे आजोबा पेंगत होते.

विंगेतून : ते सोडा. विसरभोळ्या गोकुळची कोर्टातली विनोदी साक्ष का कापली, ते आधी सांगा! शाळेच्या गॅदरिंगला मी गोकुळ केलाय. विसरू नये म्हणून उपरण्याला मारलेल्या गाठी चाचपत कोर्टात उभा राहिलो, की मागच्या बाकांपर्यंत हशा. गडकऱ्यांचा विनोद कापायचा आणि वर ‘पुनरुज्जीवन’ म्हणायचं?

तिसरी घंटा : कापली ते उत्तम झालं. शंभर वर्षं ती साक्षच सुटी करून खेळताय तुम्ही लोक. म्हणून गोकुळ पाठ आणि लीला कोण ते माहीत नाही.

विंगेतून : ‘तुम्ही लोक’ म्हणजे? त्या साक्षीमुळेच हे नाटक पोरांच्या कानावर गेलं. नाहीतर ‘एकच प्याला’च्या पुढे कोणाला काय माहीत असतं? रडं सोसायचं तर मध्ये हसू लागतं, हे गडकऱ्यांना कळत होतं. तुम्हाला कळत नाही.

नवी पेठ : साक्षीच्या बाबतीत विंगेतून यांना माझं मत. ती असती तर आजोबा जागे राहिले असते.

ओंकारेश्वर : माझी चुलत आजी दहाव्या वर्षी विधवा झाली. पुढे तिला मागणी आली होती, शिकलेल्या माणसाची. ‘धाकट्या दोघींची लग्नं व्हायचीत’ एवढ्यावर घरात विषय मिटला. म्हातारपणीसुद्धा लग्नघरात हळदीकुंकू सुरू झालं की ती आपणहून उठून स्वयंपाकघरात जायची, नारळ खवायला बसायची. कोणी ‘जा’ म्हणत नसे. प्रयोगात लीला गप्प उभी राहते, तेव्हा मला रडगाणं नाही वाटलं. घटस्फोटाचा सल्ला देणाऱ्यांनी तिला काय सांगितलं असतं?

नवी पेठ : आजींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. ‘कपाटात’ हा शब्द मागे घेतो. वाक्यं लांब आहेत, हे मात्र घेणार नाही.

विंगेतून : पुढच्या प्रयोगाला साक्ष अख्खी घ्या. मी तिकीट काढून येतो.

तिसरी घंटा : घेऊ द्या. पण लीलेचं एक वाक्य जरी त्यापायी कापलं, तर मध्यंतरात गाठ माझ्याशी आहे.