बायप्लेनच्या तारा: लोड घेणाऱ्या लावू की नुसत्या दिसायला?

दुपंखी:
टायगर मॉथ या जुन्या बायप्लेनचं (एकावर एक दोन पंख असलेलं विमान) रेडिओ कंट्रोलवर उडणारं स्केल मॉडेल बांधतोय, स्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी) दीड मीटर, बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लाय. प्लॅनमध्ये तारा काढल्यात पण त्या लोड घेतात का शोभेच्या आहेत ते कुठंच लिहिलेलं नाही. पंख दरवेळी काढायचे-घालायचे आहेत म्हणून इलॅस्टिकचा दोरा लावायचं मनात आहे, पण लूप (हवेत उभी गोल कोलांटी) मारले तर पंख टिकतील का? आणि स्टीलच्या तारेने रिसीव्हरला (विमानातला रेडिओ सिग्नल घेणारा भाग) त्रास होतो म्हणतात, खरंय का?

बाल्साबाज:
आधी स्पार (पंखातला लांब आडवा दांडा) आणि जॉइनर (पंख जोडणारा दांडा) बघ. स्ट्रट (दोन पंखांमधले उभे खांब) लावून, तारा न लावता दोघांनी पंखांच्या दोन टोकांना धरून विमान अलगद उचला. पंख वाकला किंवा कुरकुरला तर तारा लोडच्याच हव्यात, तिथे तडजोड नकोच. ताठ राहिला तर शांतपणे उडवायला इलॅस्टिक चालेल, पण लूपमध्ये वजनाच्या कितीतरी पट लोड येतो तेव्हा मी तरी खऱ्या तारेवरच भरवसा ठेवीन.

तारवाला:
+१. नायलॉन चढवलेली स्टीलची फिशिंग लीडर वायर (मासेमारीच्या गळाची तार) घे. तार क्रिम्प ट्यूबमधून (दाबून पक्की करायची बारीक धातूची नळी) काढ, लगमधून (तार अडकवायची भोकाची पट्टी) फिरवून परत ट्यूबमध्ये, उरलेलं टोक वळवून तिसऱ्यांदा आत आणि मग पक्कडीने दाब, सरकत नाही. दुसऱ्या टोकाला आट्यांचा क्लेव्हिस (चिमट्यासारखी अडकवायची कडी) लाव म्हणजे ताण कमीजास्त करता येतो.
आधी लँडिंग वायर (वरच्या कबेनकडून, म्हणजे धडावरच्या मधल्या खांबांकडून, खालच्या पंखाकडे येणाऱ्या) लावून डायहेड्रल (पंखांचा वरच्या बाजूला असलेला कोन) जुळव, मग फ्लाइंग वायर (धडाच्या खालून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या) फक्त ढील जाईल एवढ्याच ओढ. पुढच्या आणि मागच्या तारेचा ताण कमीजास्त झाला की पंख पिळला जातो आणि विमान एका बाजूला कलतं, म्हणून प्रत्येक बाजूला इन्सिडन्स मीटर (पंखाचा कोन मोजायचं साधन) लावून बघच. तारा एकमेकींना छेदतात तिथे खऱ्या विमानात असतो तसा छोटा लाकडी तुकडा बांध, थरथर थांबते आणि दिसतंही फार सुंदर!

बाल्साबाज:
रिसीव्हरचं राहिलं. धातूला धातू घासून होणारा नॉइज जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओला नडायचा, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओला सहसा नाही, फक्त अँटेना तारांपासून लांब ठेव. अजून एक, तारांचा ड्रॅग (हवेचा विरोध) बराच असतो, थ्रॉटल एकदम बंद केलास तर स्पीड झटकन पडतो, लँडिंगला थोडी पॉवर ठेवूनच ये.

दुपंखी:
मग स्टीलच लावतो, क्लेव्हिस फ्युजलाजकडे (विमानाच्या धडाकडे) ठेवेन म्हणजे पंख काढताना तेवढेच सोडायचे.

तारवाला:
बरोबर, आणि प्रत्येक तारेला नंबर घाल. पुढेमागे तारांचा कंटाळा आलाच तर फोकर डी-७ बांध, १९१८ चं विमान, जाड पंख आणि दोन पंखांमध्ये तारा नाहीतच.