रेशमी स्कार्फ रंगवताना रंग रेघेबाहेर पळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचीच्या रुखवतात ठेवायला सहा रेशमी स्कार्फ हाताने रंगवून देते, असं मोठ्या तोंडाने कबूल करून बसलेय. लग्न २२ दिवसांवर आलंय आणि धड झालेत फक्त दोन.

कापड धुऊन लाकडी चौकटीवर ताणते, गट्ट्याने प्राजक्ताची फुलं काढते (गट्टा म्हणजे बारीक तोंडाच्या बाटलीतून पिळायचा चिकट द्रव, रंग अडवायला, माझा पाण्यात धुतला जाणारा आहे), रेघ वाळली की रंग भरते. पहिले दोन ८ मॉमीच्या हबोताईवर (साध्या विणीचं गुळगुळीत रेशीम) केले, छान जमले. ते कापड संपलं म्हणून १६ मॉमीचं क्रेप आणलं. हाताला काय सुंदर लागतं! पण देठाचा केशरी टेकवला की डोळ्यांदेखत रेघेखालून सरकून पांढऱ्या पाकळीत शिरतो. रेघ कुठे तुटलेलीही दिसत नाही.

दुसरं दुखणं वाफेचं. रंग वाफेने पक्के होणारे आहेत, म्हणून एक स्कार्फ मोदकपात्रात तासभर वाफवला. उघडून बघते तर निळ्यावर पाण्याचे गोल गोल डाग, कडा गडद. रडूच आलं.

कुणी केलंय का हे? काय चुकतंय?

– रंगपेटी

कुंचला: ताई, चौकट उलटी करून रेघ मागून पाहिलीत का? मॉमी हे रेशमाच्या वजनाचं माप, एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. म्हणजे तुमचं क्रेप आधीच्या कापडाच्या दुप्पट जड. गट्टा वरच बसला असणार, आरपार गेलेला नाही, आणि रंग त्याच्या खालून वाट काढतोय. मागून रेघ फिकी दिसेल तिथे त्या बाजूनेही गट्टा फिरवा. पूर्ण वाळल्यावर खिडकीच्या उजेडात धरून बघा, फटी कळतात.

आणि भरलेला कुंचला रेघेला भिडवू नका. आकाराच्या मधोमध टेकवा, रंग आपण होऊन कडेपर्यंत चालत जातो. देठाइतक्या बारीक जागेत तर अर्धा थेंबही खूप होतो.

निशिगंध: डाग झाकणावरून गळलेल्या पाण्याचे आहेत. ढोकळ्याला झाकणाला फडकं बांधतो ना, तसंच इथेही. स्कार्फ कोऱ्या, न छापलेल्या कागदात घालून गुंडाळी करा, म्हणजे रेशमाला रेशीम लागणार नाही. वर्तमानपत्र नको, शाई उठते. गुंडाळी जाळीवर उंच ठेवा, खालच्या उकळत्या पाण्याचे शिंतोडेही उडता कामा नयेत.

बाकी ते मोदकपात्र आता रंगकामालाच राहू द्या हं. गणपतीला दुसरं घ्या.

रंगपेटी: निशिगंध, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही! डागाळलेल्या स्कार्फचं काही होईल का?

कुंचला: होईल. त्याच निळ्याची गडद छटा पूर्ण पार्श्वभूमीवर एका दमात फिरवा, मध्ये थांबलात तर तिथे कड उमटेल. ओली चकाकी जायच्या आत खडेमीठ भुरभुरा. मीठ रंग ओढून घेतं, फुलाफुलांची नक्षी उठते आणि डाग त्यात लपतात. मीठ मात्र कोरडं हवं. पावसाळ्यात डब्यातलं ओलसर मीठ वापरून माझा पचका झालाय. वाळल्यावर मीठ झटकून परत वाफवा.

रंगपेटी: चौकट उलटी केली आणि कपाळावर हात मारला. मागच्या बाजूला अर्ध्या पाकळ्यांना रेघच नव्हती! मागून गट्टा फिरवला, आज केशरी जागेवर बसला. मिठाचा स्कार्फ वाळतोय, निळ्यात चांदणं पडल्यासारखं दिसतंय, भाचीला तोच सगळ्यात आवडला. वाफवायचं उद्या, फडकं बांधून. पहिल्या धुण्यात थोडा रंग जातोच ना? की घाबरायचं?

निशिगंध: थोडा जातोच. गार पाण्यात धुवा, पिळू नका.