राउटर चालू, नेट बंद: तुमचे अनुभव सांगा

खटपटी_आत्या
काल पुतण्याचा फोन, "आत्या, वायफायच्या काड्या फुल्ल आहेत पण काहीच उघडत नाहीये". म्हटलं अरे त्या काड्या तुझ्या फोनपासून राउटरपर्यंतच्या, पुढचं त्या काय सांगणार. फोन ठेवला आणि आमचा जुना दोन शिंगांचा राउटर आठवला, म्हणून हा धागा.

फार छळलं त्याने. दिवसभर बरा असायचा, संध्याकाळी सगळे घरी आले, फोन टीव्ही सगळं जोडलं गेलं की गप्प. दिवे लागलेले असायचे, मधेच सगळे एकदम विझून परत लागायचे. कंपनीला फोन केला की रीस्टार्ट करा, रीसेट करा, नाहीतर नवीन घ्या. शेवटी एक वयस्कर तंत्रज्ञ आले, त्यांनी राउटरला हातसुद्धा लावला नाही. भिंतीतला अडॅप्टर उपसला, तळहातावर धरला, कानाशी नेला आणि पिशवीतून दुसरा काढून लावला. मग जुन्याला मीटर लावून दाखवलं. मोकळा असताना बरोब्बर १२ व्होल्ट, भार पडला की धाडकन खाली. दिवे लागण्यापुरता दम होता, काम करण्यापुरता नव्हता. आतला कपॅसिटर जातो म्हणाले. जाताना बजावून गेले की अडॅप्टर बदलताना व्होल्ट आणि पिन तीच हवी, अँपिअर जास्त चालतील, कमी नाही.

आता तुमचे किस्से येऊ द्या. फक्त "बंद करून चालू केलं" लिहू नका, ते सगळेच करतात.

निशाचर
बंद करून चालू केलं.
(कुणीतरी लिहायलाच हवं होतं.)
पण त्यातही क्रम असतो बरं का. आधी फायबरचा डबा (कंपनीची वायर ज्यात येते तो), त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. आमच्याकडे दोन्ही एकाच बोर्डावर, लाईट आली की राउटर पत्ता मागायला धावतो तेव्हा डबा अजून डोळे चोळत असतो.

वेंधळी
रुमाल टाकून ठेवते. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालून येते.

टेबलफॅन
फायबरच्या डब्यावरचा लाल एलओएस (लॉस ऑफ सिग्नल)! त्या दिव्याची अजून धडकी भरते. घरात कपाट सरकवलं होतं आणि मागची पिवळी वायर भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दबली, काचेचा धागा तो, मोडला नाही तरी एवढा वाकला की प्रकाश बाहेर सांडतो. सगळे राउटरच्या सेटिंगमध्ये घुसलेले, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) काय बदलतायत, पासवर्ड काय बदलतायत. अरे बाबांनो एलओएस लाल म्हणजे डब्यापर्यंत सिग्नलच येत नाहीये, मग राउटर उलटा टांगा नाहीतर सुलटा. कपाट पुढे ओढलं, वायर सैल गोल केली, दिवा गेला. आणि हो, त्या वायरचं टोक काढून डोळ्यासमोर धरून बघू नका, लेझर असतो, डोळ्याला दिसतही नाही.

जांभई
हे कपाटवालं भारी. आमच्याकडे उंदीर होता :( बाकी सेम.

निशाचर
@जांभई उंदराने फायबर खाल्ली की उंदीर सापडला? नीट सांग.

जांभई
दोन्ही. वेगवेगळ्या दिवशी.

सातवा_मजला
मी ऑफिसात हेच करतो म्हणून जरा लांब लिहितोय, चालवून घ्या. कुठे तुटलंय ते आधी शोधा, दुरुस्ती नंतर. लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता, बघायचा, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच्या मनाने घेतलाय, मग भांडण घरातल्या घरात आहे, कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. पत्ता नीट असेल तर राउटरला पिंग करा (छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघायचं), बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो बोलला तर मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, तोही बोलला आणि तरी साइट नावाने उघडत नाही तर डीएनएस मेलंय, दुसरं टाका की झालं. आणि राउटर बोलतो पण ८.८.८.८ गप्प, तर राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा, तिथे ०.०.०.० असेल तर राउटरलाच पुढून काही मिळालेलं नाही. इथपर्यंत बघून मग कस्टमर केअरला फोन करा, समोरचा "रीस्टार्ट केलं का" म्हणाला की हे सगळं एका दमात सांगा, पुढचे प्रश्न गळतात असा माझा अनुभव आहे.

वेंधळी
आले. कपडे झाले. सातवा मजला, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. पण माझा प्रिंटर वायफायला जोडला जात नाही, त्यावर काही?

घड्याळजी
आमच्या सासऱ्यांचा लॅपटॉप. सगळ्यांचे फोन चालतायत, त्यांच्या एकट्याच्या ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटवर "सुरक्षित नाही". सगळं घर राउटरला शिव्या देतंय. तारीख बघितली तर कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवरची ती बटणासारखी बॅटरी संपलेली, त्यामुळे चार्जिंग संपून बंद पडला की तारीख परत जुनी, आणि तारीख चुकली की साइटची मुदतीची ओळखपत्रं, म्हणजे सर्टिफिकेट, जुळत नाहीत. बाबा म्हणे, "मी मागे आहे ते तुम्ही आज बघताय होय".

टेबलफॅन
बाबांना साष्टांग _/\_

नवा_डबा
नवीन राउटर आणला, वायर जुन्यातून काढून त्याच्यात खोचली, बरोबर भोकात, तरी नेट नाही. जुना परत लावला की चालू! दुकानदार म्हणतो राउटर चांगला आहे, कंपनी म्हणते लाइन चांगली आहे, दोघंही खरं बोलत होते. कंपनीकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला होता, नव्याला ओळखच दाखवत नव्हते. राउटरच्या पानावर मॅक क्लोन नावाची सोय असते, तिथे जुन्याच्या पोटावर छापलेला पत्ता टाकला आणि चालू.

गुपचूप_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. दिरांनी मदत म्हणून राउटरच्या मागच्या रीसेटच्या भोकात पिन घातली. दाबूनच धरली. नेट परत येणं लांबच, जे होतं तेही गेलं, कारण लाइनचं युजरनेम पासवर्ड पुसलं गेलं आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. भोकावर चिकटपट्टी लावलीये आता.

खटपटी_आत्या
@गुपचूप_वाचक स्वागत! चिकटपट्टीवरच युजरनेम लिहून टाका.

सातवा_मजला
@वेंधळी बरेच प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर बोलतात. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव वेगळं ठेवून बघा.

निशाचर
अवांतर: २०२० मध्ये वेल्समधल्या एबरहोसान गावाची बातमी आली होती. दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड झोपायचं. केबल बदलून झाल्या तरी तेच. शेवटी इंजिनिअर यंत्र घेऊन भल्या पहाटे गावात फिरले, तर एका घरातला जुना टीव्ही चालू झाला की विजेचा गोंगाट सुटायचा आणि सगळ्यांची लाइन पडायची. बिचाऱ्या मालकाला कळलं तेव्हा त्याने तो टीव्ही पुन्हा लावलाच नाही.

जांभई
आमच्या वरच्यांकडे नक्की असला टीव्ही आहे.

वेंधळी
प्रिंटर जोडला गेला!! आता कागद अडकला म्हणतोय.

घड्याळजी
@वेंधळी त्यासाठी वेगळा धागा काढ ताई, मोठा विषय आहे.

रेंगाळलेला
उशिरा आलोय. माझं नेट बंद नव्हतं पण स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर काही केल्या जाईना, प्लॅन ३०० चा. लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी एक पिनपाशी तुटली होती, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक गेली की बऱ्याचदा दोन्ही बाजू गुपचूप १०० वर येतात, कुणी काही बोलत नाही. केबलची क्लिपही मोडलेली, हात लागला की सुटायची. शेवटी केबलच बदलली.

नवा_डबा
थांबा थांबा, माझंही ९४च येतंय की. कुठली केबल बदललीत, भिंतीतली की बाहेरची?