पुढचा वाल्व बंद, तरी नायट्रोजन रेग्युलेटरचा काटा चढतो

प्रश्न – बारीककाटा
५० लिटरचा नायट्रोजन सिलिंडर, सिंगल स्टेज (दाब एकाच टप्प्यात उतरवणारा) रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये १५० बार असताना आउटलेट (बाहेर जाणारा दाब) २ बारला लावला होता. आता ३० बार उरलेत आणि नॉबला हात न लावता आउटलेट ३.१ दाखवतोय. पुढचा वाल्व बंद केला की काटा आणखी वर सरकतो. रेग्युलेटर गेला का?

पॉपेट
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३.१ हा बिघाड नाही. सिंगल स्टेजमध्ये सिलिंडरचा दाबच पॉपेटला (गॅसची वाट उघडबंद करणारा आतला भाग) सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या बैठकीवर, रेटून धरतो. तो उतरला की स्प्रिंग वरचढ होते, पॉपेट जरा जास्त उघडतो. बऱ्याच रेग्युलेटरांत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे १२० बार उतरले की साधारण १.२ बार चढणार. नको असेल तर टू स्टेज घ्या; त्यात दुसऱ्या स्टेजला इनलेटचा (आत येणारा) दाब जवळपास स्थिर मिळतो.

काळजी दुसऱ्या तक्रारीची. वाल्व बंद करताच काटा किंचित उचलून थांबला तर तो लॉकअप, त्यात काही वावगं नाही. थांबतच नसेल तर क्रीप. काट्याच्या टोकाशी काचेवर मार्करने रेघ मारा, १५ मिनिटांनी बघा. रेघेपुढे सरकतच असेल तर सीटवर कण बसलाय किंवा सीटला खाच पडलीय. नॉब सैल करून उपयोग नाही, गॅस सीटमधूनच झिरपतो. रेग्युलेटर उतरवा आणि दुरुस्तीला द्या, स्वतः खोलू नका.

बारीककाटा
कण आला कुठून? सिलिंडरच्या जोडणीला टेफ्लॉन टेपही नीट गुंडाळली होती.

आटेवाला
तिथेच गोम आहे! त्या जोडणीत आटे फक्त ओढून धरतात; सील होतं रेग्युलेटरच्या नाकाच्या (सिलिंडर वाल्वमध्ये बसणारं टोक) गोलाईवर, काही जोडण्यांत वॉशरवर. टेपचे तुकडे सुटून सरळ आत जातात. इनलेटची जाळी तपासा. जोडण्याआधी सिलिंडर वाल्वचं तोंड कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. नॉब डावीकडे फिरवून पूर्ण मोकळा करा, गेजसमोर न थांबता बाजूला उभं राहून वाल्व सावकाश उघडा. धाडकन उघडला तर १५० बारचा तडाखा थेट सीटवर. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गळत असेल तर आधी वाल्व बंद करून दाब सोडा. दाबाखाली नट आवळायचा नाही.

पॉपेट
एक राहिलं. रेग्युलेटरवरचा रिलीफ वाल्व (जादा दाब बाहेर सोडणारा) रेग्युलेटर वाचवतो, पुढचं काचेचं भांडं नाही. भांड्याच्या मर्यादेखाली सेट केलेला वेगळा रिलीफ वाल्व लावा, त्याची नळी खोलीबाहेर काढा. भरलेल्या सिलिंडरमध्ये जवळपास ७.५ घनमीटर गॅस असतो. ३ मीटर लांब, रुंद, उंच अशा बंद खोलीत तो सगळा सुटला तर ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो; धोका १९.५ च्या खालीच धरतात. आणि वास काहीच येत नाही.