ग्रीन कार्ड लॉटरीला बारावीची अट : १४ वर्षं वायरिंग केलेला माणूस बाद का?

जर्सीतला सातारकर :
राग आलाय म्हणून लिहितोय, जरा लांबेल. माझा आत्येभाऊ जन्माने मस्कतचा, आत्याचे यजमान तिकडे नोकरीला होते. अमेरिकेच्या डायव्हर्सिटी लॉटरीत, म्हणजे आपण जिला ग्रीन कार्ड लॉटरी म्हणतो तिच्यात, भारतात जन्मलेल्याला भाग घेता येत नाही, कारण मागच्या ५ वर्षांत फॅमिली आणि नोकरीच्या कोट्यातून ५०,०००च्या वर माणसं ज्या देशातून आली ते देश बाद, आणि आपण दरवर्षी बाद. पण ती लॉटरी पासपोर्ट बघत नाही, जन्म कुठला ते बघते, आणि ओमान यादीत आहे. हे कळल्यावर मीच उत्साहाने भावाला फोन केला, आणि मग अटी वाचल्या.

बारावी पाहिजे. पहिलीपासून मोजून १२ वर्षांचं नियमित शिक्षण. भाऊ दहावी साताऱ्यातून आणि मग आयटीआय इलेक्ट्रिशियन, तेव्हापासून १४ वर्षं मस्कतमध्ये, अख्ख्या बिल्डिंगची पॅनल एकट्याने उभी करतो, हाताखाली ६ पोरं. मला वाटलं अनुभवावर बसेल, कारण नियमात लिहिलंय की बारावी नसेल तर मागच्या ५ वर्षांत २ वर्षांचा अनुभव चालेल, पण कामच असं हवं की ज्याला निदान २ वर्षांचं ट्रेनिंग किंवा अनुभव लागतो. आता इलेक्ट्रिशियनला लागतो की नाही? पण ते ठरवतात अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ओनेट नावाच्या यादीवरून, त्यात काम ४ किंवा ५ नंबरच्या गटात पाहिजे. इलेक्ट्रिशियन ३ नंबरात. ४ आणि ५ मध्ये बहुतेक कामं अशी की जी डिग्रीवालेच करतात, आणि डिग्रीवाल्याकडे बारावी असतेच ना! मग अनुभवाची ही सोय ठेवलीय कोणासाठी? माझं स्पष्ट मत, हाताने काम करणाऱ्याला ही अट मुद्दाम बाहेर ठेवते, आणि ती काढली पाहिजे.

रांगेतला एमएसवाला :
सातारकर, भावाबद्दल वाईट वाटलं पण मी उलट बाजूचा आहे. मी इथे एमएस केलं, ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१६ची, ईबी-२ या जास्त शिकलेल्यांच्या नोकरीच्या कोट्यात अडकलोय, मुलगी इथेच शाळेत आणि मला कॉलनीत घर घ्यायचं की नाही हे ठरवता येत नाही. माझ्या ऑफिसात एक नेपाळी मुलगा आहे, त्याला बारावीवर लॉटरी लागली आणि तो थेट ग्रीन कार्ड घेऊन उतरला. त्याच्यावर राग नाही, कष्टाळू पोरगा आहे. पण एचवनबी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत सुद्धा डिग्री लागते, तीही टेम्पररी व्हिसासाठी, आणि कायमच्या राहण्याला बारावी पुरते, हे कुठलं गणित? माझ्या मते अट काढायची नाही, वाढवायची. निदान पदवी.

निवृत्त मास्तर, कोल्हापूर :
३१ वर्षं शिकवलं म्हणून दोन शब्द. बारावीची अट हुशारी मोजत नाही, ती पडताळता येते म्हणून आहे. मार्कशीट खरी का खोटी ते बोर्डाकडे विचारता येतं, सीट नंबर असतो, रेकॉर्ड असतं. अनुभवाचं पत्र कोण तपासणार? आपल्याकडे कुठल्याही दुकानात लेटरहेड छापून मिळतं, मी स्वतः बघितलंय, आमच्याच गावात आखातात जाणारी मुलं अशी पत्रं करून घ्यायची. एवढ्या जगभरच्या अर्जांतून वकिलातीतल्या माणसाने समोरचा खरंच वायरमन आहे का हे कसं ठरवायचं? आणि एमएसवाल्यांना सांगतो, पदवी मागाल तर ती आणखी एक नोकरीची कॅटेगरीच होईल. जे देश मागे पडलेत तिथल्या साध्या माणसाला संधी म्हणून हे काढलंय.

जर्सीतला सातारकर :
गुरुजी, पडताळणीचा मुद्दा मान्य, पण आयटीआयचं सर्टिफिकेट सुद्धा सरकारीच आहे, एनसीव्हीटीचा शिक्का असतो, त्याचंही रेकॉर्ड असतं. ते का चालत नाही? आणि कॅनडाकडे बघा, त्यांच्या फेडरल स्किल्ड ट्रेड्स प्रोग्रॅममध्ये शिक्षणाची किमान अटच नाही, २ वर्षांचा कामाचा अनुभव आणि भाषेची परीक्षा. इलेक्ट्रिशियन त्यात बसतो. म्हणजे करता येतं, करायचं असेल तर.

टोरंटोची मावशी :
अर्धीच गोष्ट सांगितलीत हो तुम्ही. अनुभव आणि भाषा झाली की संपलं नाही, एक तर वर्षभराची नोकरीची ऑफर हवी नाही तर इथल्या प्रांताचं क्वालिफिकेशन सर्टिफिकेट. ते काढायला इथे येऊन परीक्षा द्यावी लागते, ते किती जणांना जमतं? माझ्या नवऱ्याच्या साइटवर आखातातून आलेले दोन वायरमन आहेत, दोघांना इथला वायरिंगचा कोड, म्हणजे नियम, शिकायला वेळ लागला, तिकडे २३० व्होल्टवर हयात गेलेली, इथे १२० आणि २४०, रंगांचे नियम वेगळे, लाकडी घरं. हात चांगला असला तरी वाचून परीक्षा द्यावीच लागते. शाळा त्यासाठी लागते हो, वाचायची सवय राहते.

जुनं वाचणारा :
थोडा इतिहास सांगतो, तो कळल्याशिवाय वाद अर्धवट. ही लॉटरी १९९०च्या इमिग्रेशन कायद्यातून आली आणि १९९५ पासून आत्ताच्या रूपात सुरू झाली. त्याआधी १९९२ ते ९४ मध्ये वर्षाला ४०,००० व्हिसांची एक तात्पुरती योजना होती आणि त्यातले ४० टक्के एकट्या आयर्लंडला ठेवलेले, कारण तेव्हा बेकायदा राहणारे आयरिश खूप होते आणि त्यांची बाजू मांडणारे खासदारही होते. त्या योजनेत अमेरिकेतली नोकरीची ऑफर लागायची. पुढे कायमची योजना आली तेव्हा ऑफर गेली आणि बारावी किंवा अनुभव आलं. म्हणजे कोणीतरी बसून हाताने काम करणाऱ्यांना वगळायचं ठरवलं असं मला वाटत नाही, उलट अनुभवाचा पर्याय कायद्यातच लिहिलाय. घोळ झाला तो नंतर, ओनेटचे गट लावताना. सातारकरांनी अट काढा म्हणण्यापेक्षा ३ नंबरचा गट घ्या म्हणावं, ते मला पटतं.

फॉर्म १७ :
मला वेगळंच बोलायचंय. मी लग्नानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली, दोन लहान मुलं सांभाळत, पहाटे उठून अभ्यास करून, ६१ टक्के. या लॉटरीच्या सूचनांत लिहिलंय की फक्त फॉर्मल शिक्षण चालेल, पत्राद्वारे केलेला कोर्स किंवा अमेरिकेच्याच जीईडीसारखं समकक्ष सर्टिफिकेट चालणार नाही. मग बाहेरून परीक्षा देणारी माझ्यासारखी कुठे बसते? पेपर तेच, बोर्ड तेच, तपासणारेही तेच. मास्तर म्हणतात पडताळता येतं म्हणून अट. माझं रेकॉर्ड पण बोर्डातच आहे ना. मग मी वर्गात बसले होते का नव्हते याचा प्रश्न का येतो? मला जायचं नाहीये कुठे, जन्म परभणीचा आहे, पण बोललेच पाहिजे.

निवृत्त मास्तर, कोल्हापूर :
ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही. १७ नंबरवाल्यांत मी बघितलेली बरीच मुलं नियमित मुलांपेक्षा जिद्दी होती.

रांगेतला एमएसवाला :
एक प्रॅक्टिकल बघा. मुलाखतीच्या वेळी माणशी ३३० डॉलर फी, नाकारलं तर परत नाही. चौघांच्या कुटुंबाचे १,३२० झाले. लॉटरीत नाव आलं म्हणून लोक पैसे भरतात आणि तिथे जाऊन कळतं दहावीच आहे. त्यामुळे अट काहीही असो, ती आधी नीट वाचा. एजंट सांगत नाही, त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात.

टोरंटोची मावशी :
सातारकर, भावाचं लग्न झालंय का? वहिनी किती शिकलीय?

जर्सीतला सातारकर :
झालंय. वहिनी कराडची, बीकॉम, कॉलेज रेग्युलर. का?

टोरंटोची मावशी :
अहो मग तिच्या नावाने भरा ना! शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला, नवराबायकोतल्या दुसऱ्याला नाही. आणि स्वतःचा जन्म यादीतल्या देशात नसला तरी नवऱ्याच्या जन्माच्या देशावर भरता येतं. मुख्य अर्जदार वहिनी, देश ओमान, फॉर्मवर नवऱ्याचं नाव आणि २१च्या आतल्या अविवाहित मुलांची नावं टाकायलाच पाहिजेत, दोघांनाही व्हिसा मिळाला पाहिजे आणि दोघांनी एकत्रच अमेरिकेत शिरायला हवं. माझ्या नणंदेच्या ओळखीत एकांनी असंच भरलं होतं, नंबर लागला नाही ती गोष्ट वेगळी.

जर्सीतला सातारकर :
मावशी, खरंच माहीत नव्हतं, तीनदा वाचलं. आत्ता भावाला फोन करून झाला, तो आधी गप्पच बसला आणि मग म्हणाला की आयुष्यभर मी कमावलं आणि तिकडे मी हिच्या कागदावर जाणार. वहिनी मागून म्हणाली जाऊ दे की, कागद कोणाचा का असेना. भरणार आहेत, पुढचा फॉर्म सुटला की. पण माझं म्हणणं मी सोडत नाही, उलट आता जास्तच पटलंय. वहिनीने एक दिवस नोकरी केलेली नाही, ती नियमात बसते, आणि ज्याच्या हाताला तिकडे उद्या काम मिळेल तो बसत नाही. वहिनीबद्दल मला आदरच आहे, नियमाबद्दल बोलतोय.

जुनं वाचणारा :
तिला कमी लेखू नका, बीकॉम आहे ती, संधी मिळाली तर तीही करेल नोकरी. बाकी ३ नंबरच्या गटाबद्दल तुमच्या बाजूने मी आहे.

जर्सीतला सातारकर :
खरंय, ते वाक्य चुकलं माझं. एक शेवटचा प्रश्न, बारावीच्या मार्कशीटवर वहिनीचं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. चालेल का?

फॉर्म १७ :
लग्नाचं सर्टिफिकेट सोबत ठेवायला सांगा. नगरपालिकेतलं हवं, मंगल कार्यालयाने दिलेलं नको. आणि नसेल काढलेलं तर आजच अर्ज टाका, मला ते मिळायला दोन महिने लागले होते.