अनुभव धागा : ब्राझीलचं संगीत तुम्ही कुठून उतरवता?

कापूसवाला, दारव्ह्याकडून :
परवा गप्पांत मधातच कोणीतरी विचारलं का बा हे ब्राझीलचं गाणं तुम्ही आणता कुठून, आन् मग पऱ्हाटीचा विषय राहिला बाजूलेच. म्हणून हा वेगळा धागा. ज्यानं ज्यानं पैसे देऊन असं गाणं डाउनलोड केलं त्यानं लिहा, कसं शोधलं, काय सापडलं, पैसे कसे भरले, लांब झालं तरी चालते.

माझ्यापासून सुरू करतो. वावरात रेंज नाही, लाइन गेली का टॉवरही बसते, त्यामुळं आपल्याकडं स्ट्रीमिंगचं काही खरं नाही, गाणं फोनात उतरलेलंच पाहिजे. २०१२ ले फ्लिपकार्टनं फ्लाइट नावाचं एमपी३ चं दुकान काढलं होतं तेव्हापासून मले हा नाद. ते २०१३ च्या जूनमध्ये बंद झालं, मग बँडकॅम्पवर आलो, कलाकारांचं गाणं विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान ते. तिथं घ्यायच्या आधी बहुतेक अल्बम पुरा ऐकू देतात आन् एकदा घेतला का फोन बदलला तरी पुन्हा उतरवता येते.

आता ब्राझील म्हटलं का जो तो बोसा नोव्हाच सांगते, म्हणजे ते गिटारवरचं हळुवार गाणं. मीही तेच ऐकायचो. ओलिताची रात्रपाळी असली का कानात त्यातलाच गायक जोआओ जिल्बेर्तो, एक गिटार आन् इतका हळू आवाज का मोटार सुरू असली तर काही समजत नाही. चांगलंच आहे ते, नाव ठेवत नाही. पण खरा बसलो मी लुईझ गोंझागापाशी. पेर्नांबुको राज्यातला माणूस, १९१२ चा जन्म, बाप अकॉर्डियन वाजवायचा आन् दुरुस्तही करायचा. तिकडं ईशान्येले सेर्ताओ म्हणून कोरडा मुलूख आहे, पाऊस दगा देते, लोक घरदार सोडून शहराकडं निघतात. १९४७ ले त्यानं 'आझा ब्रांका' रेकॉर्ड केलं, त्यात असं आहे का पाण्यावाचून गुरं गेली, घोडा तहानेनं मेला, पांढऱ्या पंखाचं पाखरूसुद्धा मुलूख सोडून उडालं, आन् गडी आपल्या बाईले सांगते पाऊस पडला का परत येतो. मले पोर्तुगीज येत नाही, अर्थ मागून वाचला, पण अकॉर्डियन सुरू झाली तेव्हाच वाटलं का हा आपल्यातलाच कोणीतरी आहे. आन् तिकडंही कापूस होता हो! १९८३ ले बोंडावरचा भुंगा ब्राझीलमध्ये शिरला आन् त्या भागातला कापूस पार बसला. आपल्याकडं गुलाबी अळी, तिकडं भुंगा.

शोधायचं म्हणाल तर 'ब्राझिलियन म्युझिक' टाकू नका, कॉफीच्या दुकानात वाजते तसलं काहीबाही येते. 'फोरो' टाका, 'बायाँव' टाका, ही तिकडच्या ईशान्येच्या नाचगाण्याची नावं, नाहीतर सरळ वाद्याचं नाव टाका.

खंजिरीवाले, मोझरीजवळून :
जय गुरु. वाद्याच्या नावाचं भाऊ बोलले ते एकदम बरोबर, मी त्याच रस्त्यानं आलो. आमच्या भजन मंडळात मी खंजिरी वाजवतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाले खंजिरी नसली तर भजन उठतच नाही हे इकडच्या माणसाले सांगायची गरज नाही. तर भाच्यानं फोनवर ब्राझीलचा पांदेइरो दाखवला, तसंच कातडं, तशाच कडेला चकत्या, म्हटलं हे तर आपलंच. मग तेवढा एकच शब्द टाकून शोधत बसलो आन् जॅक्सन दो पांदेइरो नावाचा गडी सापडला, १९१९ ते १९८२, पाराइबा राज्यातला, नावातच वाद्य. गाते कसा तर शब्द तालाच्या मागं-पुढं सरकवते आन् समेवर बरोबर हजर.

फरक सांगतो. त्यांच्या चकत्या मधी वाटीसारख्या खोलगट, त्यामुळं आवाज कोरडा, टचकन् तुटते, आपल्या चकत्या वाजवल्यावर छनछनत राहतात. आन् ते डाव्या हातानं खंजिरी धरून नुसती उभी ठेवत नाहीत, मनगट हलवत राहतात, उजव्या हाताचा अंगठा, मग बोटांची टोकं, मग तळहाताचं बूड, मग परत बोटं. मी गाणं अर्ध्या स्पीडवर लावून शिकलो, डाउनलोड केलेलं असलं का हे सोपं जाते, तेवढाच तुकडा कितीही वेळा फिरवा. मंडळातल्या एका बाबांना ऐकवलं, शांतपणे ऐकून म्हणे ताल पक्का आहे रे, पण याच्यात देव कुठं आला?

धानवाला, सिंदेवाही :
एवढे पैसे कायले घालता बे, यूट्यूबवर सगळं फुकट आहे.

कापूसवाला :
आहे ना भाऊ, शोधायले मीही तिथंच जातो. पण घेतलं का वाजवणाऱ्याले काहीतरी जाते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापते, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराले नाहीतर त्याच्या कंपनीले. कोरोनात २०२० च्या मार्चपासून काही शुक्रवारी तर स्वतःचा वाटाही सोडून देत होते. मी घेणं तेव्हाच काढायचो. आपला माल व्यापारी कसा घेते ते तुले मले सांगावं लागत नाही.

संत्रा बाग, वरुड :
पैसे भरायचं सांगतो कारण खरं घोडं तिथंच अडते. कार्डावर बाहेरदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आपण स्वतः ॲपमधून चालू करावं लागते. मले हे माहीत नव्हतं म्हणून बँकेत गेलो, नाव घेत नाही, काउंटरवरचा साहेब विचारते विदेशात चालले का? म्हटलं नाही, गाणं घ्यायचं आहे. त्यानं शेजारच्याले सांगतलं, शेजारच्यानं मॅनेजरले सांगतलं, तिघंही माझ्याकडं पाहून राह्यले. शेवटी चालू झालं. लिमिट मात्र कमीत कमी ठेवा आन् काम झालं का बटन परत बंद करा. किंमत कधी डॉलरात, कधी पाउंडात, कधी ब्राझीलच्या रेआलमध्ये दिसते, बँकेचा वरचा चार्ज धरूनच हिशोब करा.

मास्तर (निवृत्त), मेहकर :
एक गोष्ट नवीन लोकांनी समजून घ्यावी. डाउनलोडच्या दुकानात जोआओ जिल्बेर्तो शोधलं की त्याच त्या गाण्यांचे ढीगभर स्वस्त संग्रह दिसतात, कव्हर वेगळं, आतला माल एकच. त्यामागे कारण आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क आधी ५० वर्षांचा होता. २०१३ पासून तो ७० झाला, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती ती रेकॉर्ड मोकळीच राहिली, म्हणजे १९६२ पर्यंतची. बोसा नोव्हाची सुरुवात १९५८-५९ ची, त्यामुळे कोणीही छापतो. त्यात जिल्बेर्तोंचा आपल्या रेकॉर्ड कंपनीशी १९८८ च्या एका संग्रहावरून वाद झाला, आवाजात फेरफार केला असं त्यांचं म्हणणं, ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं आणि पहिले तीन अल्बम कितीतरी वर्षं अधिकृतपणे नीट बाजारात आले नाहीत. म्हणून घेताना मूळ वर्ष आणि कंपनीचं नाव दिलंय का ते बघा. ज्याने वर्षसुद्धा लिहिलं नाही त्याने आवाजाची काळजी घेतली असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः कंपन्यांच्या नावावरून शोधतो. लंडनची फार आउट, ब्रायटनची मिस्टर बाँगो, दोघीही जुनं ब्राझीलचं संगीत नीट माहितीसकट काढतात. आणि एक नाव मुद्दाम देतो, कार्तोला. रिओमधल्या मांगेइरा या सांबा मंडळाच्या १९२८ च्या संस्थापकांपैकी एक, गाणी इतरांनी गाजवली, हा मधली कितीतरी वर्षं विस्मरणात, गाड्या धुण्याचं कामही केलं, आणि स्वतःचा पहिला अल्बम आला १९७४ मध्ये, वयाच्या पासष्टीत. आवाजात कुठेही तक्रार नाही. पेन्शनीतल्या माणसाने जरूर ऐकावा.

मोबाइल शॉपी, आर्वी रोड :
आमच्या इथं डाउनलोड स्टोअर म्हणजे मीच होतो हो. स्मार्टफोन आले नव्हते तेव्हा बाजाराच्या दिवशी मेमरी कार्ड भरून द्यायले लाइन लागे, भीमगीतं, भजनं, गवळणी, लग्नाची गाणी, जीबीवर भाव. आता तो धंदा गेला, रिचार्ज आन् कव्हर विकतो. ब्राझीलचं वेड लागलं ते एर्मेतो पास्कोआलमुळं. अकॉर्डियन, बासरी, पियानो सगळं वाजवायचा, वरून किटलीही वाजवायचा, आन् १९७७ च्या अल्बमात या माणसानं खरी डुकराची पिल्लं घेतली आहेत! दुकानात स्पीकरवर लावलं तर बाहेर बसलेला पाणीपुरीवाला उठून पाहायले आला का डुक्कर शिरलं कुठून.

टेक्निकल एक सांगतो. डाउनलोड करताना फॉरमॅट विचारते. ४० मिनिटांचा अल्बम ३२० च्या एमपी३ मध्ये शंभर एमबीच्या आत बसते, फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळता ठेवलेली फाइल, घेतला तर अडीच-तीन पट. साध्या ब्लूटूथ डब्ब्यावर ऐकणाऱ्यानं फ्लॅकच्या मागं लागू नये, उगाच डेटा जाळू नये. पण एकदा कुठं वायफाय भेटलं तर फ्लॅक उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. पहाटे चारला नेट पळते, तेव्हा लावा.

ऑक्टोपॅड, वडसा :
झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली का होळीपर्यंत आम्हाले झोप नाही. ऑक्टोपॅड म्हणजे ढोलाची इलेक्ट्रॉनिक मशीन, तिच्यात 'सांबा' म्हणून एक तयार ताल असते, सगळे तोच वाजवतात, मले तो पहिल्यापासून खोटा वाटे पण खोटा का ते समजत नव्हतं. मग सांबा मंडळांची नुसत्या ढोलांची रेकॉर्डिंग घेतली, गाणं नाही, बातुकादा म्हणतात त्याले. मोठा ढोल सुर्दू. आपण पहिल्या मात्रेले जोर देतो, त्यांचा सगळ्यात मोठा सुर्दू दोनपैकी दुसऱ्या मात्रेवर पडते, पहिलीवर दुसरा, जरा चढ्या आवाजाचा ढोल उत्तर देते, आन् तिसरा मधात कापत राहते. मशीनमध्ये हे सगळं एकाच ढोलावर सपाट करून टाकलं होतं. यंदा मी पॅड तसे लावून एका लावणीच्या आधी वाजवलं, ऑर्गनवाले काका मागं वळून पाहत होते का हा पोरगा उलटा वाजवून राह्यला का काय. पण पाय थांबले नाहीत पब्लिकचे.

नर्सताई, अकोटकडून :
मी संगीतातली जाणकार नाही, पण सांबा गाणाऱ्या क्लारा नुनेसचा आवाज मला फार आवडतो, सबसेंटरला रात्रीच्या ड्युटीत ऐकते. १९८३ मध्ये चाळिशीतच गेली बिचारी, साध्या ऑपरेशनमधल्या भुलीच्या गुंतागुंतीनंतर, आमच्या धंद्यात असल्यामुळं ते वाचून जास्तच लागलं. शोधताना 'ब्राझील' झेड घालून आणि एस घालून असं दोन्ही टाका, तिकडचे लोक एस लिहितात, अल्बम वेगळेच निघतात. आणि कोणाला बिनशब्दांचं, तंतुवाद्याचं काही माहीत असेल तर सांगा, पेशंट झोपलेले असतात, गाणाऱ्याचा आवाज नको असतो.

मास्तर (निवृत्त), मेहकर :
ताई, 'शोरो' शोधा. रिओचं, एकोणिसाव्या शतकातलं, सांब्याच्याही आधीचं, बासरी, गिटार आणि कवाकिन्यो नावाचं चार तारांचं छोटं वाद्य. मँडोलिन हवं तर जाकोब दो बांदोलीन, बासरी-सॅक्सोफोन हवा तर पिशिंगिन्या. दोघांचेही स्वस्त संग्रह पुष्कळ आहेत, वर म्हटलं तसं वर्ष बघून घ्या.

ऑक्टोपॅड, वडसा :
आन् ताई, घेण्याआधी पुरं ऐका. काही शोरो इतके पळतात का पेशंट उठून बसतील.